गप्प बसलेल्यांचीही नोंद

कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात एखादं विधेयक पाडायचं असेल, तर विरोधात मत द्यावंच लागतं असं नाही. नुसतं गप्प बसलं तरी भागतं. तिथल्या राज्यघटनेची अट अशी की विधेयक मंजूर व्हायला सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचं बहुमत हवं. हजर राहून मत देणाऱ्यांचं नव्हे. ८० जणांच्या असेंब्लीत ४१ होकार, ४० जणांच्या सिनेटमध्ये २१. समित्यांमध्येही हाच हिशेब. समजा, पाच जणांच्या समितीत दोघांनी 'हो' म्हटलं, 'नाही' कुणीच म्हटलं नाही आणि उरलेले तिघं आपलं नाव पुकारलं गेल्यावर समोरच्या कागदांत डोकं खुपसून बसले. दोन विरुद्ध शून्य अशा मतांनी विधेयक पडलं! पाडणारा मात्र कुणीच नाही. उद्या मतदारसंघात कुणी जाब विचारला, तर तिघांपैकी प्रत्येक जण बिनदिक्कत विचारू शकतो, "मी कुठे विरोध केला?"

हा काही अंधारातला कारभार नव्हता. प्रत्येक मताची नोंद होत होती, ती जाहीर होती, कुणीही जाऊन बघावी अशी होती. पण ती हजारो विधेयकांत आणि असंख्य बैठकांत विखुरलेली होती. एका आमदारानं एका दिवशी मत दिलं नाही, यातून काहीच सिद्ध होत नाही. तो दुसऱ्या समितीत अडकला असेल, आजारी असेल. तोच आमदार वर्षानुवर्षं नेमक्या अडचणीच्या विधेयकांच्या वेळी गप्प होत असेल, तर मात्र त्या गप्प बसण्याला आकार येतो. हा आकार दिसायला सगळी मतं एकदम डोळ्यांसमोर यावी लागतात, आणि तेवढे डोळे कुठल्याच वार्ताहराला नसतात.

२०२४ च्या एप्रिलमध्ये 'कॅलमॅटर्स' या सॅक्रामेंटोच्या ना-नफा वृत्तसंस्थेनं २०१७ पासूनची दहा लाखांहून अधिक मतं एकत्र चाळली. सत्ताधारी डेमोक्रॅट सदस्य सरासरी एक टक्क्याहूनही कमी वेळा 'नाही' म्हणत होते. नकोशी विधेयकं तरीही पडत होती. मग ती कशी पडत होती, याचं उत्तर न दिलेल्या मतांच्या रकान्यात होतं.

बोललेलं यंत्रानं टिपून घेतलं, याचं आपल्याला आता फारसं अप्रूप उरलेलं नाही; खिशातला मोबाइलही ते करतो. न बोललेलं त्याला मोजता आलं, ही गोष्ट मला अचंब्याची वाटते.

ज्या यंत्रणेमुळे हे जमलं तिचं नाव 'डिजिटल डेमोक्रसी'. तिचा जन्म वर्तमानपत्राच्या कचेरीत झाला नाही, विद्यापीठात झाला. सॅम ब्लेकस्ली हे रिपब्लिकन पक्षाचे माजी राज्य सिनेटर, शिक्षणानं भूभौतिकशास्त्रज्ञ. राजकारणातून बाहेर पडल्यावर त्यांनी सॅन लुइस ओबिस्पोच्या कॅल पॉली विद्यापीठात तंत्रज्ञान आणि सार्वजनिक धोरण यांची सांगड घालणारी एक संस्था काढली. २०१५ मध्ये तिथे डिजिटल डेमोक्रसी सुरू झाली, तेव्हा त्यांच्या जोडीला होते गॅव्हिन न्यूसम, म्हणजे विरुद्ध पक्षाचे आणि त्या वेळचे उपराज्यपाल. संगणकाची बाजू प्राध्यापक फोआद खोसमूद यांनी सांभाळली. पुढे कॅलमॅटर्सनं ही यंत्रणा हाती घेतली आणि २०२४ मध्ये नव्यानं लोकांपुढे आणली.

मुळात गरज का पडली? जवळजवळ चार कोटी लोकसंख्येच्या या राज्याचं विधिमंडळ आपल्या समित्यांच्या बैठकांचं शब्दशः इतिवृत्त प्रसिद्धच करत नाही. आपल्याकडे सभागृहात प्रतिवेदक बसतात, भाषणं लघुलिपीत उतरवून घेतात, त्यांचे खंड बांधले जातात. या सवयीमुळे तिकडची ही उणीव आपल्याला खरीच वाटत नाही. तिथे उरायची ती चित्रफीत, तीही सगळ्या बैठकांची नाही. मग २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये 'प्रपोझिशन ५४' नावाचा प्रस्ताव थेट मतदारांपुढे गेला. तो मांडणाऱ्यांत ब्लेकस्ली होतेच, आणि चार्ल्स मंगर ज्युनियर हे भौतिकशास्त्रज्ञही होते. मतदारांनी तो मंजूर केला. विधेयकाचा अंतिम मसुदा मतदानाच्या किमान ७२ तास आधी जाहीर झाला पाहिजे, प्रत्येक खुल्या बैठकीची चित्रफीत २४ तासांत इंटरनेटवर आली पाहिजे आणि ती निदान २० वर्षं जपली पाहिजे, असा तो नियम. शिवाय नागरिकांनी ती चित्रफीत वापरायला कुणाची परवानगी घ्यायला नको. कृत्रिम बुद्धिमत्तेचे गोडवे गाताना हे कलम लोक विसरतात. कारखाना कितीही चांगला असो, कच्चा माल मिळण्याचा हक्क हवाच.

आता त्या चित्रफितीत काय असतं ते जवळून बघू. समितीची बैठक. विधेयक मांडणारा आमदार दोन शब्द बोलतो, बाजूचे एक-दोन साक्षीदार बोलतात, विरोधातले बोलतात. मग माइकपाशी रांग लागते. प्रत्येक जण येतो, आपलं नाव, संस्थेचं नाव आणि 'पाठिंबा' किंवा 'विरोध' एवढं सांगून बाजूला होतो. एकेकाला जेमतेम दहा सेकंद. कुणी परिचारिकांच्या संघटनेचा, कुणी तेलकंपन्यांच्या वतीनं आलेला पगारी लॉबीवाला, कुणी नुसतीच एखाद्या गावातून आलेली आई. कॅमेरा हलत नाही, पाटी दिसत नाही. शेवटी समितीचा सचिव भराभर नावं पुकारतो आणि उत्तरं येतात किंवा येत नाहीत. त्यातही एक खोच आहे: होकार कमी पडले तर अध्यक्ष ते मतदान 'खुलं' ठेवू शकतात, म्हणजे गैरहजर सदस्यानं दिवसभरात कधीतरी येऊन आपलं मत जोडायचं. चर्चा सकाळी, निकाल संध्याकाळी, आणि मधे इतर पंधरा विधेयकं. सलग सहा तास बघत बसणाऱ्यालाही धागा सापडणं कठीण.

यंत्र इथे ज्या पायऱ्यांनी जातं, त्या एकेक पायरीवर थांबून बघण्यासारख्या आहेत. आवाज म्हणजे हवेच्या दाबाची थरथर. अशा कामाचे बहुतेक संगणक ती थरथर सेकंदाला १६,००० वेळा मोजतात. त्या आकड्यांचे सेकंदाच्या चाळिसाव्या भागाएवढे बारीक तुकडे पाडले जातात, एकमेकांवर थोडे चढलेले, आणि प्रत्येक तुकड्यात कुठला सूर किती जोरात आहे याचं चित्र काढलं जातं. होय, चित्रच. आडवा काळ, उभे सूर, आणि गडद-फिका जोर. 'स' तिथे वरच्या बाजूला धुरळ्यासारखा दिसतो, 'आ' खाली जाड पट्ट्यांसारखा. म्हणजे यंत्र खरं तर ऐकत नाही, आवाजाचं चित्र वाचतं. सप्टेंबर २०२२ मध्ये ओपनएआयनं खुलं केलेलं 'व्हिस्पर' हे प्रारूप (मॉडेल) इंटरनेटवरच्या ६ लाख ८० हजार तासांच्या ध्वनिफिती ऐकून हे वाचन शिकलं. एखादा माणूस झोप न घेता ऐकत बसला, तर त्याला सत्याहत्तर वर्षं लागतील.

शब्द मिळाले, पण ते कुणाचे? त्यासाठी दुसरं प्रारूप लागतं. ते शब्दांकडे लक्षच देत नाही. प्रत्येक तुकड्यातल्या आवाजाचा पोत काही शे आकड्यांच्या ओळीत बसवतं आणि ज्या ओळी एकमेकींच्या जवळ येतात त्यांचे गट करतं. हा गट एका माणसाचा, तो दुसऱ्याचा. गटाला नाव द्यायला चेहरा उपयोगी पडतो: आमदारांची छायाचित्रं तर सरकारी नोंदीतच असतात. मग त्या नावाला जोडून येतात त्यानं दिलेली मतं, मांडलेली विधेयकं, त्याला मिळालेल्या निवडणूक देणग्या, भेटवस्तू, कुणी खर्च करून नेलेले दौरे. यातलं काहीच नवीन नाही. सगळं आधीपासून जाहीर होतं, फक्त वेगवेगळ्या कपाटांत होतं. माइकपाशी दहा सेकंद बोलून गेलेल्या लॉबीवाल्याची संस्था आणि त्याच संस्थेची देणगी शेजारी-शेजारी आली, की वार्ताहराला प्रश्न आपोआप सुचतो. कॅलमॅटर्सनं पुढे हेही यंत्रावर सोपवलं: नेहमीच्या चालीपेक्षा काही वेगळं घडलं, एखाद्यानं पक्षाविरुद्ध मत दिलं, तर यंत्र वार्ताहरासाठी एक छोटं टिपण तयार करतं. बातमी माणूसच लिहितो. २०२५ मध्ये होनोलुलूच्या 'सिव्हिल बीट' या वृत्तसंस्थेनं हीच यंत्रणा हवाईच्या विधिमंडळासाठी सुरू केली.

इथवर सगळं छान. पण यंत्राचं आणि मौनाचं नातं दुसऱ्या बाजूनंही बघितलं पाहिजे, कारण ते चांगलंच विचित्र आहे.

व्हिस्परला शांतता सहन होत नाही. बोलणारा अडखळला, दीर्घ थांबला, की ते कधीकधी तिथे स्वतःच वाक्यं घालतं. २०२४ मध्ये अमेरिकी संशोधकांनी एक अभ्यास मांडला. तपासलेल्या ध्वनितुकड्यांपैकी सुमारे एक टक्क्यात व्हिस्परनं कुणीच न उच्चारलेली आख्खी वाक्यं रचली होती, आणि त्या रचलेल्या मजकुरापैकी ३८ टक्के घातक स्वरूपाचा होता: हिंसेचा उल्लेख, खोटे संबंध, नसलेला अधिकार. बोलताना लांब थांबे घेणाऱ्यांच्या वाट्याला हे जास्त आलं. कारण समजण्यासारखं आहे. प्रारूप शिकलंय ते 'यापुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त' याच हिशेबानं. समोर काहीच नसलं तरी हिशेब चालूच राहतो. सभागृहाच्या बाबतीत हे किती महाग पडेल ते बघा. मंत्री उत्तर देताना थांबले, पाण्याचा घोट घेतला, आणि नोंदीत त्यांनी एखादं आश्वासन देऊन टाकलं! कॅल पॉलीच्या प्रकल्पात यंत्रानं उतरवलेला मजकूर विद्यार्थी बसून दुरुस्त करत. प्रत्येक वाक्याला चित्रफितीतला नेमका सेकंद जोडलेला असावा, वाचणाऱ्यानं एक टिचकी मारून स्वतःच्या कानांनी ऐकावं, ही अट मी तरी कुठल्याही अशा यंत्रणेसाठी पहिली मानेन. सारांश कितीही सफाईदार असो, मूळ आवाजापर्यंतचा रस्ता नसेल तर त्याचा भरवसा कुणी का धरावा?

आता मुंबईकडे येऊ. विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८ सदस्य, नागपूरचं हिवाळी अधिवेशन, आणि मागे २२ जानेवारी १८६२ ला टाउन हॉलमध्ये भरलेल्या मुंबई कायदे कौन्सिलच्या पहिल्या बैठकीपर्यंत जाणारी परंपरा; त्या कौन्सिलात जगन्नाथ शंकरशेट होते. कॅलिफोर्नियाकडे जे नव्हतं ते आपल्याकडे मुबलक आहे: कागद. तारांकित प्रश्नांच्या याद्या घ्या. त्यांची भाषा ज्यानं एकदा वाचली तो विसरत नाही. '(१) अमुक पुलाचे काम रखडले आहे हे खरे आहे काय, (२) असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' आणि समोर उत्तर: '(१) हे अंशतः खरे आहे. (२) होय. (३) प्रश्न उद्भवत नाही.' माणसाला कंटाळा आणणारा हा साचा यंत्राला मात्र मेजवानी वाटतो (कंटाळा न येणं हा त्याचा सगळ्यात कमी गाजलेला गुण). एकच पूल किती अधिवेशनांत आला, 'अंशतः खरे' म्हणजे दर वेळी नेमका कुठला अंश, पहिल्या वर्षी 'निविदा प्रक्रिया सुरू आहे' असं सांगणाऱ्या खात्यानं चौथ्या वर्षी काय सांगितलं, हे ते एका ओळीत मांडून दाखवू शकतं. मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या शब्दांचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती असतेच. तीच यादी गावातल्या माणसालाही आपल्या तालुक्यापुरती चाळता आली, तर त्याला जिल्हा परिषदेच्या पायऱ्या झिजवण्याआधी हातात काहीतरी असेल.

मराठी ऐकवणं मात्र इंग्रजीइतकं सोपं नाही. व्हिस्परच्या त्या अवाढव्य श्रवणात सिंहाचा वाटा इंग्रजीचा होता. इंग्रजी सोडून इतर सगळ्या भाषांना मिळून मिळाले १ लाख १७ हजार तास. भारतीय भाषांची उणीव भरून काढण्यासाठी केंद्राची 'भाषिणी' योजना २०२२ मध्ये सुरू झाली, आयआयटी मद्रासमध्ये 'एआयफॉरभारत' आवाज गोळा करतंय, आणि त्यातून मराठीची प्रारूपं सुधारतायत. तरी आपले आकडे बघा. लक्षवेधीला उत्तर देताना मंत्री म्हणतात, "त्या भागात दोन-अडीचशे टँकर चालू आहेत." आपल्याला कळतं, दोनशे ते अडीचशे. यंत्र सरळमार्गी असलं तर लिहील 'दोन ते अडीचशे'. 'पावणेदोनशे कोटी' म्हणजे १७५ कोटी, 'सात-साडेसातशे' म्हणजे सातशे ते साडेसातशे, 'पाच-पन्नास माणसं' म्हणजे कुणी मोजलीच नाहीत. अर्थसंकल्पावरच्या चर्चेत अशी एक चूक झाली तर शंभर कोटींचा फरक पडतो. त्यावर वऱ्हाडी बोलणारा सदस्य, मधेच हिंदीत घुसणारी घोषणाबाजी, दहा जण एकदम उभे राहून हौद्याकडे धावतायत आणि अध्यक्ष 'खाली बसा, खाली बसा' म्हणतायत. तिथे कुणाचा आवाज कुणाचा, हे शेजारच्या बाकावरच्यालाही सांगता येणार नाही. जुन्या छापील खंडांची अडचण वेगळीच: खिळ्यांच्या छपाईत झिजलेली जोडाक्षरं, शिरोरेषेवर सांडलेली शाई, आणि ज्या रकाराची शेपटी कागदाच्या घडीत गेली आहे तो रकार.

पण एकदा मजकूर हाती आला, की शोधण्याची जी पद्धत आता निघाली आहे ती मला जादूच्या जवळची वाटते. एक खरं उदाहरण घेतो. ऑगस्ट १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात एक ठराव मांडला आणि तो संमत झाला: सरकारी पैशानं बांधलेली किंवा राखलेली पाणवठ्याची ठिकाणं, विहिरी, धर्मशाळा, तसंच शाळा, न्यायालयं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ च्या जानेवारीत महाडच्या नगरपालिकेनं त्याला धरून ठराव केला. १९२६ मध्ये बोल्यांनी कौन्सिलात पुन्हा मागणी केली, की जी नगरपालिका हे अमलात आणत नाही तिचं अनुदान बंद करा. आणि २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले. आता एखादी शाळकरी मुलगी कौन्सिलच्या नोंदींत 'चवदार तळे' असं मराठीत शोधायला गेली, तर जुन्या पद्धतीच्या शोधात तिला १९२३ चा ठराव सापडणारच नाही. नोंद इंग्रजीत, तिचा प्रश्न मराठीत. ठरावात महाडचा उल्लेख नाही, तळ्याचं नाव नाही. अक्षराला अक्षर जुळत नाही.

नवी पद्धत अक्षरं जुळवत नाही. प्रत्येक परिच्छेदाचा अर्थ ती हजारभर आकड्यांच्या एका पत्त्यात बदलते, आणि अर्थानं जवळचे परिच्छेद जवळच्या पत्त्यांवर राहायला येतात. वाण्याच्या दुकानात माल बाराखडीप्रमाणे लावलेला नसतो; पोह्यांशेजारी शेंगदाणे असतात, कारण एक मागणारा दुसरं मागतो. तसंच 'सार्वजनिक पाणवठा', 'विहीर', 'अस्पृश्यांना प्रवेश' आणि 'चवदार तळे' हे एकाच आळीत येतात, भाषा कुठलीही असो. अनेक भाषा एकत्र शिकलेल्या प्रारूपांत मराठी वाक्य आणि त्याच अर्थाचं इंग्रजी वाक्य यांचे पत्ते जवळ पडतात. कुणी शब्दकोश हातात ठेवून हे शिकवलेलं नसतं. एकाच गोष्टीबद्दल दोन भाषांत बोललेलं पुष्कळ वाचूनच ते जमलेलं असतं. म्हणजे त्या मुलीच्या दोन शब्दांच्या मराठी प्रश्नाला शंभर वर्षांपूर्वीचा इंग्रजी ठराव उत्तर म्हणून पुढे येऊ शकतो, आणि त्याच्या मागोमाग १९२६ ची अनुदान बंद करण्याची मागणीही. कागदावर ठराव आणि जमिनीवर पाणी यांच्यात साडेतीन वर्षं काय चाललं होतं, हे तिला पुस्तकातल्या एका वाक्याऐवजी मूळ शब्दांत वाचता येईल.

सभागृहातलं बोलणं यंत्रानं टिपण्यात एक कायदेशीर काटा आहे, तोही राज्यांच्या विधिमंडळांतूनच आलेला. ३० मे १९५७ ला बिहार विधानसभेत एका सदस्यानं सरकारवर तिखट भाषण केलं. अध्यक्षांनी त्यातला काही भाग कामकाजातून काढून टाकायला सांगितला. दुसऱ्या दिवशी पाटण्याच्या 'सर्चलाइट'नं भाषण काढलेल्या भागासह छापलं. हक्कभंगाची नोटीस निघाली, संपादक सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९५८ च्या डिसेंबरमध्ये न्यायालयानं बहुमतानं विधानसभेची बाजू घेतली. पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं ३६१-क हे कलम आणलं आणि सभागृहाच्या कामकाजाचं मूलतः खरं वृत्त, आकस नसेल तर, सुरक्षित केलं. पण काढून टाकलेल्या शब्दांचा प्रश्न त्यामुळे मिटला, असं म्हणवत नाही. थेट प्रक्षेपणावर बसवलेलं यंत्र शब्द उच्चारल्यावर काही सेकंदांत लिहून मोकळं होतं. अध्यक्ष तो शब्द काढायचा की नाही हे तपासून सांगणार दुपारी किंवा दुसऱ्या दिवशी. अधिकृत नोंदीत तिथे फुल्या, यंत्राच्या नोंदीत आख्खं वाक्य. कुणाची नोंद खरी मानायची? जे बोललं गेलं ते बोललं गेलं, असं मला वाटतं. हक्कभंग समितीला तसं वाटेलच याची हमी मी देत नाही.

आणि मौनाबद्दलही सबुरी हवी. १९०१ मध्ये मुंबई कौन्सिलात जमीन महसूल कायद्यातल्या दुरुस्तीचं विधेयक आलं. शेतकऱ्याच्या जमिनीवरच्या हक्काला त्यानं धक्का बसेल, असं भारतीय सदस्यांचं म्हणणं होतं. ऐकलं जात नाही असं दिसल्यावर फिरोजशहा मेहता उठून बाहेर गेले आणि त्यांच्यामागे गोपाळ कृष्ण गोखलेही. आजच्या यंत्राच्या तक्त्यात या दोघांच्या नावापुढे काय पडेल? 'मत नोंदवलेलं नाही.' कागदात डोकं खुपसून बसलेल्याच्या नावापुढे पडतं तेच. कॅलिफोर्नियाच्या अधिकृत नोंदीतही गैरहजर राहणं आणि हजर असून मत टाळणं यांत फरक केला जात नाही. चित्रफीत हाताशी असेल तर यंत्र थोडी मदत करू शकतं: मतदानाच्या दहा मिनिटं आधी हाच सदस्य त्याच बैठकीत बोलला होता का, त्याचा चेहरा दिसतो का. पण तो का गप्प होता, हे विचारायला माणसालाच त्याच्या दाराशी जावं लागतं.

मुंबईत तर एवढंही हाती लागत नाही. आपल्या संविधानाच्या १८९ व्या कलमानं हजर राहून मत देणाऱ्यांचं बहुमत पुरेसं मानलं आहे, त्यामुळे इथे गप्प बसून विधेयक पडत नाही. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानं मंजूर होतात. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं, होयचं बहुमत, विधेयक संमत. चांगलं यंत्र होकार किती डेसिबलचा आणि नकार किती डेसिबलचा हे दशांश चिन्हापर्यंत सांगेल. मात्र कोणता आवाज मोठा हे ठरवणं अध्यक्षांचं काम, आणि त्या एकमुखी गजरातून २८८ नावं वेगळी काढणं आज तरी कुठल्याच प्रारूपाला जमणारं नाही. सदस्यानं मतविभागणी मागितली तर गोष्ट वेगळी. मग नावं लिहिली जातात आणि पुढची सगळी बेरीज-वजाबाकी यंत्र चुटकीसरशी करून देतं. कॅलिफोर्नियात प्रत्येक विधेयकाच्या अंतिम मतदानात प्रत्येकाचं मत नावानिशी लिहिण्याची सक्ती १८७९ च्या राज्यघटनेनं केली, टाक-दौतीच्या काळात. २०२४ मध्ये संगणकानं जे दहा लाख रकाने चाळले, ते अशा सक्तीच्या नोंदींनीच भरलेले होते.